चौदा बायका, शंभर टक्के

"अक्का, जरा माईकच्या जवळ या," डॉ. कोगेकर म्हणाले, आणि तिथंच आमचं वाटोळं झालं.

त्याआधी सगळं कसं झकास चाललं होतं. हॉस्पिटलच्या सभागृहात खुर्च्यांना पांढरी झबली घातली होती. स्टेजवर भला मोठा फ्लेक्स होता: 'अस्थिबल संशोधन प्रकल्प, सर्वोत्कृष्ट केंद्र'. फ्लेक्सवर डॉक्टरांचा फोटो मोठा होता आणि हाडाचा लहान. कंपनीचे बक्षीसाहेब खास मुंबईहून ढाल घेऊन आले होते. ढाल पितळेची, चांगली तीन किलोंची. ठिसूळ हाडांच्या बायकांना बक्षीस म्हणून तीन किलो पितळ द्यायची कल्पना ज्या डोक्यातून निघाली, त्याला खरं तर वेगळी ढाल द्यायला हवी होती.

मी त्या प्रकल्पाची समन्वयक होते. म्हणजे फॉर्म भरणं, बाटल्या मोजणं, रुग्णांना फोन करणं आणि डॉक्टरांनी भाषणात "माझी टीम" म्हटलं की उभं राहून हसणं. टीममध्ये मी एकटीच होते. माझं अक्षर शाळेपासून मोत्यासारखं, त्याला बक्षिसंही मिळालेली. डॉक्टर सगळ्यांना सांगायचे, "हेमांगीताईंच्या अक्षरातली फाईल म्हणजे तपासणीला येणारा माणूस पहिल्या पानावरच खूश!" पाच वर्षं करारावर राबल्यावर त्या महिन्यात मी कायम होणार होते. सोमवारी ट्रस्टच्या सभेत माझा कागद निघायचा होता, आणि ढाल आली शुक्रवारी.

प्रकल्प सोपा होता. साठीपुढच्या, हाडं पोकळ झालेल्या बायकांना दोन वर्षं रोज एक कॅप्सूल द्यायची. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नवं औषध, निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये नुसती साखरेसारखी पूड. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. कोणाला काय मिळतंय ते बायकांना माहीत नाही, मला नाही आणि डॉक्टरांनाही नाही. "आम्हालाही ठाऊक नसतं!" हे सांगताना डॉक्टरांची छाती अशी फुगायची की काही न कळण्याचा एवढा अभिमान मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. एकच अट मोठी होती. या दोन वर्षांत हाडांचं दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही.

दर महिन्याला बायका बाटल्या परत आणायच्या आणि उरलेल्या कॅप्सूल मी मोजायची. बाकी केंद्रांवर कोणाच्या आठ उरायच्या, कोणाच्या बारा. आमच्याकडे नदीपलीकडच्या एका गावातल्या चौदा बायका होत्या. वर्षभरात त्यांच्या बाटल्यांत एकही कॅप्सूल उरली नाही. शंभर टक्के! ही ढाल त्या चौदा बायकांच्या जिवावर आली होती, आणि त्या चौदाजणींना आणलं होतं जिनमतीअक्का चौगुले यांनी.

अक्का सदुसष्ट वर्षांच्या. नऊवारी, डोक्यावर पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. वर्षापूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. हंडा उचलताना मोडलं, म्हणाल्या. पडल्या नव्हत्या, कुठं आपटल्या नव्हत्या, नुसता हंडा उचलला होता. मी फॉर्म भरत होते तर वाकून बघत बसल्या.

"काय अक्षर हाय वं बाई तुमचं! छापल्यावानी. मी चौथी शिकलेय, पर असलं अक्षर न्हाई बघितलं."

मी खूश झाले. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "बाई, एक सांगू? आमच्या आईचा खुबा मोडल्याला. अकरा म्हैने पडून हुती. पाठीला जखमा झाल्या, कूस मी बदलायची. मला मरायचं भ्या न्हाई. पडून ऱ्हायचं भ्या हाय. तेवढं बघा."

"बघू की अक्का," मी म्हटलं, आणि पुढचा फॉर्म ओढला.

तर त्या दिवशी अक्का स्टेजवर होत्या. मनगट जुळलेलं होतं, जरा वाकडं. बाकीच्या तेराजणी दुसऱ्या रांगेत पेढ्याचे खोके मांडीवर धरून बसल्या होत्या. बक्षीसाहेबांनी आपल्या मराठीची हौस भागवून घेतली.

"आजी, हे सांगा, एक पण दिवस न चुकता तुम्ही औषध कसं घेता? काय सीक्रेट आहे?"

"त्यात काय अवघड हाय?" अक्का माईकला म्हणाल्या. "सकाळी अंगूळ करून बस्तीत जायचं. भगवंताचं दर्शन घ्यायचं. येताना आमच्या रत्नाक्काच्या सोप्यात समद्या जमायच्या. मग कॅप्सुला फोडायच्या."

"फोडायच्या?" बक्षीसाहेब अजून हसतच होते.

"मग? ते वरचं टरफल कशाचं असतंय, ठावं न्हाई तुमाला? जनावरांची हाडं-कातडी उकळून करत्यात. चातुर्मासात माताजींनी प्रवचनात सांगितलंय. आमी जैन माणसं. आमची हाडं राखायला दुसऱ्याची हाडं खायची व्हय?"

दुसऱ्या रांगेतल्या तेरा माना एकदम हलल्या. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

"टरफलं परड्यात पुरतो," अक्का पुढं म्हणाल्या. "कवातरी जीव हुता त्यात. आतली पूड तेवढी घेतो. पर डागदरसायेब, एक सांगायचं ऱ्हायलं. तुमच्याकडनं जराशी चूक झाल्या. निम्म्या जणींची पूड गोड, निम्म्या जणींची कडूजहर. म्हटलं, गर्दी असती बिचाऱ्यांस्नी, व्हायचंच. आमी काय बोललो न्हाई. समद्यांची पूड एका डब्यात मिसळतो आन् चमच्यानं सारखी वाटून घेतो. कुणावर अन्याव नको."

वा! कोणाला काय मिळतंय हे झाकून ठेवायला परदेशातल्या कंपनीनं दोन कुलपं, तीन सांकेतिक क्रमांक आणि एक संगणक ठेवला होता. आमच्या बायकांनी पहिल्याच महिन्यात ते जिभेच्या शेंड्यानं उघडलं, आणि वर न्यायनिवाडा करून समान वाटपही सुरू केलं. आणि आम्ही? आम्ही रिकाम्या बाटल्या मोजून ढाल घेत होतो.

डॉ. कोगेकर मुरलेले. पुढं झाले, माईक हातात घेतला आणि खळखळून हसले. "आमच्या अक्का म्हणजे ना, फार मिस्कील! अशी गंमत करतात आमची नेहमी!"

लोक हसले, मग टाळ्या पडल्या. माईकवरून खरं बोललेल्या बाईसाठी एवढ्या टाळ्या पडलेल्या मी त्यानंतर ऐकल्या नाहीत. अक्का गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. फोटोवाल्यानं त्यांच्या हातात ढाल दिली. मी धावत जाऊन खालून हात लावला, कारण ते मनगट मला माहीत होतं. अजून तो फोटो हॉस्पिटलच्या जिन्यात लावलेला आहे. अक्का, डॉक्टर, बक्षीसाहेब आणि ढालीखाली कुणाचे तरी दोन हात.

अर्ध्या तासानं आम्ही तिघं केबिनमध्ये होतो.

"मी काही ऐकलं नाही," बक्षीसाहेब म्हणाले. "माईक खराब होता. पण फाईलमध्ये एक कागद पाहिजे. तीनशे लोक होते, उद्या कोणी विचारलं तर?" एवढं सांगून ते जेवायला गेले. जेवणात श्रीखंड होतं.

मी डॉक्टरांना विचारलं, "सर, टरफल काढून घेतलं तर औषध लागू पडतं का?"

"कसं पडेल? पोटातल्या आम्लात जळून जातं. म्हणून तर ते खास टरफल आहे, आतड्यात गेल्यावर विरघळणारं."

"म्हणजे वर्षभर या चौदाजणींना..."

"काहीही मिळालेलं नाही," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मला एकदम ते मनगट आठवलं. "सर, मग त्यांना आजच प्रकल्पातून मोकळं करू या. बाहेर ती साधी गोळी मिळते ना, आठवड्यातून एकदा घ्यायची? ती सुरू करून देऊ. तिला टरफलही नसतं. अक्कांची हाडं तुम्ही बघितलीत. वर्ष तसंच गेलंय, अजून एक वर्ष..."

"ताई, बसा." डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. हा आवाज ते नातेवाइकांना वाईट बातमी देताना काढायचे. "आपल्याकडे एकूण बायका चाळीस. चौदा गेल्या की सव्वीस उरतात. तिसाच्या खाली गेलो की केंद्र बंद. केंद्र बंद म्हणजे तुमची जागाच नाही. मग सोमवारी ट्रस्टनं कागद कशाचा काढायचा?"

"पण सर, खरं आहे ते खरंच आहे की!"

"खरं लिहायचंय? लिहा ना. मी कुठं अडवतोय?" त्यांनी कपाटातून अक्कांची फाईल काढली, तिसरं पान उघडलं आणि माझ्यापुढं सरकवलं. "फक्त मग हेही लिहावं लागेल. हे अक्षर कोणाचं?"

रकाना नववा. 'आहार अथवा धर्म यांमुळे काही बंधने आहेत काय? रुग्णास विचारून नोंदवावे.' त्याखाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'नाहीत.'

डॉक्टर पुढची फाईल उघडायला लागले तसं मी म्हटलं, "राहू दे सर."

कारण पुढचं मला ठाऊक होतं. चाळीसही फाईलींत नववा रकाना तसाच होता. एका रविवारी दुपारी घरी टीव्हीसमोर बसून मी तो सगळ्या फॉर्मांत भरून टाकला होता. प्रत्येक बाईला बत्तीस पानं वाचून दाखवायची म्हणजे घसा बसायचा. म्हटलं, जे रकाने सगळ्यांचे सारखेच असणार ते आधीच उरकून टाकावेत. बाई दारातून 'जय जिनेंद्र' म्हणत आत येते, आडनाव चौगुले, सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी जायचं म्हणून घाई करते. आणि तिला बंधनं? नाहीत! मी सांगलीत जन्मले, शेजारपाजार निम्मा जैन. मला कळायला काय माताजींचं प्रवचन लागत होतं? एक प्रश्न विचारला असता तर अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. लपवायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. एवढा वेळ मी मनातल्या मनात डॉक्टरांना आणि बक्षींना हसत होते. आता डोळ्यांपुढे नुसता तो 'नाहीत' दिसायला लागला.

"कागद घ्या," डॉक्टर म्हणाले.

मी घेतला. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'सदर महिला वयस्कर असून वयोमानाने स्मरणशक्ती क्षीण झालेली आहे. कार्यक्रमात त्यांनी केलेले कथन गैरसमजातून झालेले असून विश्वासार्ह नाही. चौकशीअंती सदर महिला कॅप्सूल नियमित व अखंड घेत असल्याचे आढळले.' खाली सही, तारीख, वेळ. चौकशी करायला मला तितकाच वेळ लागला जितका शाई वाळायला.

डॉक्टरांनी कागद उजेडात धरला. "सुंदर," ते म्हणाले.

सोमवारी मी कायम झाले. घरी आईनं पुरणपोळी केली. मला ती गिळवेना, तर आई म्हणाली, आनंदानं होतं असं.

मंगळवारी मी अक्कांच्या गावी गेले. कोणाला सांगून नाही. मनात ठरवून गेले होते की अक्कांना निदान खरं काय ते सांगायचं. रत्नाक्कांच्या सोप्यात बायका जमल्याच होत्या. मधे स्टीलचा डबा, शेजारी बशीत रिकामी टरफलं.

"या बाई, बसा!" अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी लोकं का वं हसली? मी काय वंगाळ बोलले का?"

"नाही अक्का. पण ती कॅप्सूल टरफलासकट गिळायची असते. तरच गुण येतो."

"ते तर जमायचं न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग काय दुसरं औषद हाय का? बिनटरफलाचं?"

इतका सरळ प्रश्न. त्याला उत्तर एका शब्दाचं होतं. जिभेवर आलं होतं अगदी. 'आहे' म्हटलं असतं तर अक्का दुसऱ्या दिवशी तेराजणींना घेऊन हॉस्पिटलात हजर झाल्या असत्या, आणि स्मरणशक्ती क्षीण झालेल्या बाईनं भेटेल त्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत शब्दनशब्द सांगितलं असतं.

"दूध घेत जा," मी म्हटलं. "आणि सकाळच्या उन्हात बसा."

"घेतो की," अक्का म्हणाल्या. त्यांनी मला वाटीभर दूध दिलं. ते मी प्यायले, निर्लज्जासारखी.

पुढचं वर्ष फार यशस्वी गेलं. शंभर टक्के कायम राहिले. नवं औषध आमच्या केंद्रात साखरेपेक्षा कणभरही सरस ठरलं नाही. कसं ठरणार? कंपनीनं काही दिवसांनी ते गुंडाळलं. चांगलं असेलही बिचारं. डॉ. कोगेकर परदेशातल्या परिषदेत 'ग्रामीण महिला आणि औषधातील नियमितता' यावर बोलून आले आणि येताना सगळ्यांना चॉकलेटं आणली. मी आता पुण्यात नव्या समन्वयकांना शिकवते. पहिल्या तासाला मुलींना नववा रकाना काढायला लावते. "हा रकाना घरी भरायचा नाही," म्हणते. मुली हसतात, त्यांना वाटतं मॅडम गंमत करतायत.

पण हे सगळं नंतरचं. ढालीनंतर आठ महिन्यांनी, एका सकाळी बस्तीच्या पायरीवर अक्का नुसत्या वळल्या आणि खाली बसल्या. खुबा मोडला. आमच्याच हॉस्पिटलात आणलं. शस्त्रक्रिया झाली, पण हाड इतकं पोकळ की घातलेला खिळा धरेना. डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावून त्या मऊ आवाजात सांगितलं की आता उभं राहणं कठीण आहे. अक्का पुढं चौदा महिने पडून होत्या. आईपेक्षा तीन महिने जास्त.

मी चौथ्या दिवशी वॉर्डात गेले. त्याआधी तीन दिवस मला फार कामं होती. अक्का पाठीवर पडलेल्या, नजर छताला. चष्मा काढून उशाशी ठेवला होता, तरी चपलांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"आलासा बाई? बसा."

मी बसले. म्हटलं, "अक्का, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकतंय? तुमी बिचाऱ्या कवाबी प्रेमानंच वागलासा." त्यांनी चाचपत माझा हात धरला, त्या वाकड्या मनगटाच्या हातानं. "चुकलं असंल तर आमचं. टरफल गिळवलं न्हाई, त्याला कोन काय करणार? औषदाला उगा बट्टा लागला आमच्यापायी. पर एक इचारते. त्या दिवशी मी तितं माईकवर समदं सांगितलं. फोडतो म्हनून, मिसळतो म्हनून. ते तुमी लिहून घेतलं न्हवं? म्हंजे म्होरच्या बायकांस्नी तरी डागदर लोकं बिनटरफलाचं काय तरी देतील."

रत्नाक्का पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"हो अक्का," मी म्हटलं. "लिहून घेतलंय."

"मग झालं," अक्का म्हणाल्या, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "तुमचं अक्षर ग्वाड हाय. वाचनाऱ्याला तरास व्हायचा न्हाई."